पदक मैदानात, मान मात्र बंद खोलीत

कराडला खेटून असलेल्या गोळेश्वर गावाने देशाला काय दिले, हे सांगायला दोन ओळी पुरतात. १५ जानेवारी १९२६ रोजी या गावातील एका शेतकरी कुटुंबात खाशाबा दादासाहेब जाधव जन्मले, आणि जुलै १९५२ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरात ऑलिम्पिक कुस्तीच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरे वैयक्तिक पदक मिळाले १९९६ साली, अटलांटा येथे लिएंडर पेसला, टेनिसमध्ये. म्हणजे कोट्यवधींच्या या देशात तब्बल ४४ वर्षे खाशाबा एकटेच उभे होते.

आता या देशाने खाशाबांना काय दिले, त्याचा हिशेब पाहू. पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले, तेव्हा हेलसिंकीच्या पदकाला दोन वर्षेही झाली नव्हती. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला, तेव्हा खाशाबा पस्तिशीत होते. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. तोवर ना पद्म, ना अर्जुन. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर मिळाला. अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच, तोही २००० सालचा. पदकानंतर ४८ वर्षांनी आणि मृत्यूनंतर १६ वर्षांनी! आणि पद्म? १९५४ पासून २०२५ पर्यंतची एकही यादी उघडून पाहा. पद्मश्रीच्या शेवटच्या ओळीतसुद्धा हे नाव सापडत नाही.

वाचकहो, हा केवळ एका पैलवानावरील अन्यायाचा प्रश्न असता तर वर्षातून एकदा त्यांच्या पुतळ्याला हार घालून तो विसरता आला असता. आपले पुढारी नेमके तेच करत आले आहेत. पण खरा प्रश्न वेगळा आहे. मैदानात कोण जिंकले हे हजारो डोळ्यांदेखत ठरते. मग मोठे कोण, हे ठरवण्याचा अधिकार बंद खोलीतल्या मूठभर माणसांकडे का? ती माणसे कोण असतात? कोणत्या निकषाने निवडतात? आणि चुकली तर त्यांना जाब कोण विचारतो?

प्रथम यंत्रणा समजून घेऊ. पद्म पुरस्कारांसाठी दरवर्षी पंतप्रधान एक समिती नेमतात. कॅबिनेट सचिव तिचे अध्यक्ष असतात. गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा मान्यवर व्यक्ती तिच्यात असतात. समितीची शिफारस पंतप्रधान व राष्ट्रपतींकडे जाते आणि २५ जानेवारीच्या सायंकाळी यादी जाहीर होते. भारतरत्नासाठी तर औपचारिक शिफारसही लागत नाही. पंतप्रधानांनी राष्ट्रपतींना नाव सुचवले की झाले. या सर्व व्यवहारात ज्याला पुरस्कार मिळतो त्याचे नाव जगाला कळते. ज्याला नाकारला त्याचे नाव, नाकारण्याचे कारण, कोणी बाजू घेतली आणि कोणी विरोध केला, यातले काहीही कळत नाही. खाशाबांना 'नाही' कोणी म्हटले? कोणीच नाही. त्यांचे नाव त्या टेबलावर किती वेळा आले, आले तर कशासाठी बाजूला पडले, याचा पत्ता जनतेला लागत नाही. अशा व्यवस्थेत अन्याय करण्यासाठी कटकारस्थानाची गरजच उरत नाही. नुसते गप्प बसले तरी काम भागते.

या गप्प बसण्याची किंमत किती, हे एका तुलनेने कळेल. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरच्या कसोटीत जसू पटेल यांनी ऑस्ट्रेलियाचे १४ बळी घेतले. पराक्रम मोठाच होता, त्याबद्दल दुमत नाही. पण पुढच्याच महिन्यात, १९६० च्या प्रजासत्ताक दिनाच्या यादीत त्यांचे नाव पद्मश्रीसाठी होते. मिल्खा सिंग यांना १९५९ साली पद्मश्री मिळाली, तीही योग्यच होती. म्हणजे दिल्लीची यंत्रणा आंधळी नव्हती. तिला दिसत होते, आणि हवे तेव्हा महिन्याभरात दिसत होते. जो खेळ इंग्रजी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता तो दिसला. लाल मातीतला, चावडीपुढच्या आखाड्यातला, ऊसपट्ट्यातल्या पोरांचा खेळ दिसला नाही. निवड करणारा माणूस जे पाहत वाढलेला असतो तेच त्याला मोठे वाटते. यात वैयक्तिक दुष्टपणा असेलच असे नाही. पण ज्या समितीत सगळे एकाच खिडकीतून बाहेर पाहतात, त्या समितीला अर्धा देश दिसत नाही.

खाशाबांच्या बाबतीत तर निवडीचा हा खेळ पदकाच्या आधीपासूनच चालू होता. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेट गटात ते सहावे आले. तो खर्च कोल्हापूर संस्थानाच्या मदतीने झाला. १९५२ च्या निवड चाचणीत मद्रासला त्यांना एका गुणाने हरवले गेले, त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली आणि तीत त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले, ही हकिकत कराड-कोल्हापूर भागातील तालमींमध्ये आजही सांगितली जाते. हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हेही सर्वश्रुत आहे. देशाच्या पहिल्या वैयक्तिक पदकासाठी सरकारी तिजोरी नव्हे, एका मास्तराचे घर गहाण पडले! परतल्यावर कराडपासून गोळेश्वरपर्यंत दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली असे सांगतात. म्हणजे कराडच्या शेतकऱ्याने १९५२ सालीच आपले मत दिले होते. ते मत दिल्लीपर्यंत पोहोचले नाही एवढेच.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. मग कराडहून महामार्गाने थोडे दक्षिणेला, सांगली जिल्ह्यातील पेठला चला. वाळवा तालुक्यातील या गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर जलतरणात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. या माणसाला पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. अर्जुन पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. त्याआधी २०२४ च्या जून महिन्यात त्यांच्या जीवनावरचा हिंदी चित्रपट पडद्यावर आला होता. चित्रपटामुळे पुरस्कार मिळाला असे आम्ही म्हणत नाही. पण अर्धे शतक जे पदक कागदावर होते, ते पडद्यावर आल्यानंतरच्या वर्षभरात अर्जुनच्या यादीत दिसावे, या योगायोगाचा विचार निवड समितीने जरूर करावा.

खाशाबा आणि पेटकर, दोघेही कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातले. एकाला मान मिळाला तो मेल्यावर, दुसऱ्याला म्हातारपणी. फरक इतकाच की एक जण तोवर जगला. मग देशाचा सन्मान हा पराक्रमावर अवलंबून आहे की आयुष्याच्या दोरीवर?

आता जगाकडे पाहू. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, आपल्याकडे क्रिकेट तसा तिकडे तो. कूपर्सटाऊन या गावी त्या खेळातील थोर खेळाडूंचे एक कीर्तिमंदिर आहे. १९३६ पासून क्रीडा पत्रकार मतदान करून खेळाडूंची तिथे निवड करतात. ७५ टक्के मते पडली तर प्रवेश. वरवर पाहता किती लोकशाही पद्धत! पण १९४७ पर्यंत त्या देशाच्या मोठ्या स्पर्धांत काळ्या खेळाडूंना पाय ठेवू दिला जात नव्हता. त्यांचे संघ वेगळे, मैदाने वेगळी, आकडे वेगळे. त्या स्पर्धांचे आकडे पांढऱ्या वर्तमानपत्रांनी नीट नोंदवलेच नाहीत. मग मतदार म्हणाले, नोंदच नाही तर मत कशावर द्यायचे? आधी दार बंद करायचे, आणि मग 'तुम्ही आत कुठे दिसला नाहीत' म्हणून नापास करायचे. हा न्याय आपल्या ओळखीचा आहे ना?

ज्या जॅकी रॉबिन्सनने १९४७ साली ही वर्णभेदाची भिंत फोडली, त्याला १९६२ साली १६० पैकी १२४ मते मिळाली. ३६ मतदारांना तोही पात्र वाटला नाही! १९७१ साली सॅचेल पेज या थोर काळ्या गोलंदाजाला निवडले, तेव्हा त्याच्यासारख्यांसाठी वेगळे दालन करण्याचा घाट घातला गेला. मंदिरात प्रवेश, पण वेगळ्या दाराने! लोकांनी गदारोळ केला तेव्हा तो बेत सोडावा लागला. २००६ साली खास समिती नेमून काळ्यांच्या जुन्या संघांतील खेळाडू, मालक व संघटक अशा १७ जणांना एकदम प्रवेश दिला. त्या सर्वांची आठवण ज्याने आयुष्यभर जागती ठेवली, तो ९४ वर्षांचा बक ओनील मात्र थोडक्या मतांनी राहिला. तरीही तो सोहळ्याला गेला आणि निवडून आलेल्या सतरा जणांसाठी बोलला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो वारला. १५ वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये त्याची निवड झाली. कराडच्या वाचकाला ही कथा परकी वाटणार नाही. गोळेश्वर आणि कूपर्सटाऊन यांच्यात समुद्र आहेत, पण निवड करणाऱ्यांचे घड्याळ दोन्हीकडे सारखेच उशिरा चालते.

तरीही एक फरक नोंदवला पाहिजे. तिकडे पत्रकारांच्या मतदानात कोणाला किती मते पडली हे छापले जाते. म्हणून रॉबिन्सनला ३६ जणांनी नाकारले हे आज आपण सांगू शकतो. २०२५ साली जपानच्या इचिरो सुझुकीला ३९४ पैकी ३९३ मते मिळाली, तेव्हा तो एक मतदार कोण म्हणून देशभर चर्चा झाली. म्हणजे तिथे अन्यायाची निदान पावती मिळते. आणि पावती असली की पुढे भांडता येते. २००६ ची खास समिती अशा भांडणातूनच उभी राहिली. आपल्याकडे पावतीच नाही.

मैदानातला भेदभाव आपल्याला तर शंभर वर्षांहून जुना परिचयाचा आहे. चांभार समाजात जन्मलेले बाळू पालवणकर हे आपल्या देशातील पहिले थोर फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १०० हून अधिक बळी घेतले. पुण्यात त्यांचा चेंडू चालत होता, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून. हिंदू संघाला सामने जिंकून देणाऱ्या या माणसाला त्या संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. १९२० साली पालवणकर बंधूंनी याविरुद्ध जाहीरपणे संघाबाहेर राहण्याचा निर्णय घेतला. १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. तरुणपणी बाबासाहेबांना बाळूंचे मोठे कौतुक होते. पुढे १९३७ च्या निवडणुकीत दोघे समोरासमोर उभे राहिले आणि बाबासाहेब विजयी झाले, तो राजकारणाचा भाग वेगळा. इथे लक्षात घ्यायचे ते एवढेच की विठ्ठलना कर्णधारपद समितीच्या मेहेरबानीने मिळाले नाही, ते भांडून मिळाले.

आणि खुद्द बाबासाहेब? १९५४ साली भारतरत्न सुरू झाले तेव्हा ते हयात होते. १९५६ साली महापरिनिर्वाण झाले. भारतरत्न दिले गेले १९९० साली, ३४ वर्षांनी. ज्या राज्यघटनेनुसार हे राष्ट्रपती पुरस्कार देतात, त्या घटनेच्या शिल्पकाराचे नाव सुचवायला देशाला इतकी वर्षे लागली. त्याने बाबासाहेबांची उंची एक इंचही कमी झाली नाही. त्या ३४ वर्षांत मोजली गेली ती निवडणाऱ्यांचीच उंची.

इथे चळवळीतील काही मित्र विचारतील, मग या सरकारी बिल्ल्यांच्या मागे लागायचेच कशाला? विभूतिपूजेपासून सावध राहा, असे बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले नव्हते का? प्रश्न रास्त आहे. पण आपण पूजा मागत नाही, हिशेब मागतो आहोत. घटनेच्या अनुच्छेद १८ ने पदव्या रद्द केल्या. पद्म पुरस्कार त्या अनुच्छेदात बसतात का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९५ साली बालाजी राघवन खटल्यात न्यायालयाने सांगितले की हे पुरस्कार म्हणजे पदव्या नव्हेत, गुणवत्तेचा गौरव आहे, म्हणून ते वैध आहेत. मात्र निवडीचे निकष ढोबळ आहेत, यावरही न्यायालयाने बोट ठेवले. अर्थात, पुरस्कार टिकले ते गुणवत्तेच्या आधारावर. मग गुणवत्ता मोजण्याची पद्धत उघड करणे, ही सरकारची मेहेरबानी नव्हे, जबाबदारी आहे.

शिवाय मान हा नुसता बिल्ला नसतो. अर्जुन पुरस्काराची रक्कम २०२० पासून १५ लाख रुपये आहे. ऑलिम्पिक पदकविजेत्यांसाठी केंद्राची निवृत्तिवेतन योजना १९९४ साली आली. खाशाबा त्याआधी दहा वर्षे गेले होते. गरिबाघरच्या खेळाडूसाठी पुरस्कार म्हणजे उतारवयातील औषधपाणी आणि मुलांचे शिक्षण. तो मरणोत्तर दिला की फोटो छापून येतो, पण घर सावरण्याची वेळ निघून गेलेली असते.

निवड समित्या चुकत नाहीत, असेही कोणी सांगू नये. २०१४ साली बॉक्सर मनोज कुमार यांचे नाव अर्जुनच्या यादीतून वगळले गेले. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा उत्तेजक द्रव्याचे दुसऱ्याच कोणाचे प्रकरण त्यांच्या नावावर धरले गेल्याचे निष्पन्न झाले आणि पुरस्कार द्यावा लागला. त्यांना कारण कळले म्हणून दाद मागता आली. ज्यांना कारणच कळत नाही त्यांनी कोणत्या कोर्टाची पायरी चढायची?

पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत, दिला तरी अलीकडेच निधन झालेल्याला, असे नियमाकडे बोट दाखवून सांगितले जाते. पण त्याच नियमात अत्यंत योग्य प्रकरणी अपवादाची सोय आहे. शिवाय १९८७ साली वारलेले चरणसिंग आणि १९८८ साली वारलेले कर्पूरी ठाकूर यांना २०२४ साली भारतरत्न दिले गेलेच ना? त्याबद्दल आनंदच आहे. पण सर्वोच्च सन्मानाला मृत्यूची आडकाठी नाही आणि पद्मश्रीला मात्र आहे, हे कोणते तर्कशास्त्र? आधी ३० वर्षे द्यायचे नाही, माणूस मेला की म्हणायचे आता नियम आडवा येतो. स्वतःच्या दिरंगाईचा फायदा स्वतःच घेण्याचा हा प्रकार आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, समितीचे सदस्य कोण आणि ते कोणत्या समाजातून, प्रदेशातून, क्षेत्रातून येतात हे निवडीआधी जाहीर व्हावे. दोन, निवड झाल्यावर विचारात घेतलेली नावे आणि नाकारण्याची कारणे ठरावीक मुदतीत खुली व्हावीत. तीन, पुरस्कार सुरू होण्याआधीच्या आणि सुरुवातीच्या काळातील विसरलेल्या खेळाडूंसाठी इतिहासकारांची एक खास समिती नेमावी, जशी अमेरिकेत २००६ साली नेमली गेली. या समितीने कुस्ती, कबड्डी, मल्लखांब यांच्या आणि अपंग खेळाडूंच्या जुन्या नोंदी गावोगाव जाऊन गोळा कराव्यात. नोंद नाही म्हणून मान नाही, ही सबब तिने मोडून काढावी.

आणि एक काम आपल्यासाठी. पद्म पुरस्कारासाठी आता कोणताही नागरिक नाव सुचवू शकतो. सातारा-सांगलीतील तालीम संघ, ग्रामपंचायती, महाविद्यालये आणि आपल्या चळवळीच्या शाखा यांनी दरवर्षी पुराव्यांसह खाशाबांचे नाव पाठवावे, आणि पाठवलेल्या अर्जाचे पुढे काय झाले हे माहितीच्या अधिकारात विचारावे. उत्तर नाही आले तर अपील करावे. खाशाबा जातीने मराठा होते, आपण त्यांच्यासाठी का झटायचे, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला सांगावे की बंद खोलीचे दार एकासाठी उघडले की ते सगळ्यांसाठी उघडते. आणि आज ते खाशाबांसाठी उघडले नाही, तर उद्या पालावरच्या, वाडीवरच्या, वस्तीवरच्या पोराने पदक आणले तरी ते त्याच्यासाठी उघडणार नाही.

दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या स्टेडियमला २०१० साली खाशाबांचे नाव दिले गेले. महाराष्ट्र शासनाने १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन ठरवला. नाव इमारतीवर आले, दिनदर्शिकेवर आले. आता ते त्या यादीत का येत नाही, याचे लेखी उत्तर सरकारने द्यावे. खाशाबांनी हेलसिंकीत आपली कुस्ती सर्वांसमोर खेळली. त्यांच्या मानाची कुस्तीही सर्वांसमोरच झाली पाहिजे.